पंपाच्या खोक्यावरचा आकडा आणि टाकीतलं पाणी

नाशिकमध्ये फिश टँकच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘पाणी फिरवायला पंप हवाय’ म्हटलं की समोरून एकच प्रश्न येतो, ‘टाकी किती फुटी?’ उत्तर दिलं की मागच्या फळीवरून एक खोकं खाली येतं. प्रश्न चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. तीन फुटी टाकीत एंजल असतील तर लागणारा पंप वेगळा. त्याच टाकीत पोट सुटलेले गोल्डफिश असतील तर वेगळा, आणि खाली कपाटात संप, म्हणजे वरच्या टाकीला जोडलेली पाणी गाळायची दुसरी टाकी, बसवला असेल तर त्याहून वेगळा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो लिटर-पर-अवरचा, म्हणजे एलपीएचचा आकडा असतो, त्यावरून यातलं काहीच कळत नाही. पंप नवा आहे, पुढे फिल्टर नाही, नळी नाही, पाणी एक इंचही वर चढवायचं नाही, अशा वेळी तो तासाला किती लिटर ढकलतो एवढंच तो आकडा सांगतो. घरातल्या टाकीत अशी वेळ फारशी येत नाही.

म्हणून खोकं बघण्याआधी पंपाकडून काय काम करून घ्यायचंय ते ठरवलेलं बरं.

टाकीत पाणी फिरवायची कारणं तशी मोजकी. पहिलं ऑक्सिजन. तो पाण्यात शिरतो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. बुडबुड्यांमधून थेट विरघळणारा वाटा लहान असतो. बुडबुडे वर येताना तळाचं पाणी सोबत ओढून आणतात आणि वरचा थर हलता ठेवतात, त्यांचा खरा उपयोग तो. खजिन्याची पेटी उघडझाप करणारं खेळणं टाकीत असेल तर तेही इतकंच काम करतं, फक्त दिसायला मला ते सोसत नाही. दुसरं कारण फिल्टर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही तर ते बसून राहणार. तिसरं, मेलेले कोपरे मोडणं. खडकांच्या मागे, झाडांच्या बुडाशी पाणी थांबलं की तिथे गाळ साचतो. चौथं कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आठवतं, ते म्हणजे हीटरची उष्णता टाकीभर पसरवणं.

ही कामं करणारी यंत्रंही वेगवेगळी आहेत. हवेची मोटर पाण्याबाहेर असते आणि नळीतून हवा सोडते, स्पंज फिल्टर तिच्यावरच चालतो. पॉवर हेड पाण्यात बुडवायचा, त्याच्या तोंडातून बारीक, जोरदार धार निघते. वेव्ह मेकरला उघडा पंखा असतो, तो पाण्याचा रुंद लोट ढकलतो. टॉप फिल्टर, काचेला लटकवायचा हँग-ऑन फिल्टर आणि टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर यांच्यात पंप आणि गाळणी एकत्र असतात. संपमधला रिटर्न पंप पाणी खालून वर चढवतो. यातल्या दोन वेगळ्या जातींच्या खोक्यांवरचे एलपीएच शेजारी ठेवून तुलना करू नका. त्याचं कारण पुढे धारेपाशी येईल.

आधी पाणी किती ते मोजू. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि २८.३ ने गुणा, लिटर मिळतात. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे सुमारे १५९ लिटर. पण वर दोन इंच मोकळे सोडतो, खाली दोन इंच वाळू असते, दगड असतात. खरं पाणी १३० लिटरच्या आसपास. दुकानात ‘दीडशे लिटरची टाकी’ म्हणतात ती हीच.

गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत सगळं पाणी तासातून चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावं, असा ठोकताळा बहुतेक जण पाळतात. १३० लिटरला ५२० ते ७८० एलपीएच. झाडं दाट असतील, त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर एकूण फिरणं दहा पटीपर्यंत नेतात, पण तेव्हा वरचा पृष्ठभाग फार ढवळायचा नाही, नाहीतर विकतचा वायू खोलीत उडून जातो. समुद्री टाकीत प्रवाळ असतील तर वीस-तीस-चाळीस पटींची भाषा सुरू होते आणि ते काम वेव्ह मेकरचं. म्हणजे ‘दहा पट पाहिजे’ हा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा, कुठल्या टाकीला.

हेड म्हणजे काय

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या माणसाला हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ती उंची, समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर घेताना तो आधी विहीर किती खोल, पाणी किती उंच न्यायचंय, पाइप किती इंची ते सांगतो आणि मग डिस्चार्ज, म्हणजे पाणी किती पडेल ते, विचारतो. उंची वाढली की डिस्चार्ज घटतो हे त्याला हिशेबाच्या वहीत दिसलेलं असतं. फिश टँकच्या पंपाला हाच नियम, फक्त विहिरीच्या जागी दोन-चार फुटांचा मामला.

खोक्यावर एलपीएचच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘एच मॅक्स’ लिहिलेलं असतं, समजा २ मीटर. पंप दोन मीटरपर्यंत पाणी चढवतो, असा त्याचा अर्थ आपण लावतो. प्रत्यक्षात दोन मीटरवर पाणी नळीत नुसतं उभं राहतं, बाहेर थेंब पडत नाही. दोन मीटर हे पंपाचं शून्य. म्हणजे दोन टोकं आपल्याला माहीत आहेत: उंची शून्य असताना पूर्ण प्रवाह आणि एच मॅक्सला प्रवाह शून्य. मधलं गणित कंपनीच्या आलेखात असतं. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर दोन टोकं सरळ रेषेने जोडा, घरगुती निवडीला तेवढा अंदाज चालतो.

आता संप बघू. कपाटातल्या संपच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत चार फूट, म्हणजे १.२ मीटर अंतर. २००० एलपीएच आणि २ मीटर एच मॅक्सचा पंप घेतला तर या उंचीवर हाती ८०० च्या आसपास राहतात. त्यात नळीचे कोपरे आणि घर्षण अजून धरलेलंच नाही. ३००० एलपीएच आणि ३ मीटरवाला पंप तिथे १८०० देईल. खोक्यावरच्या प्रवाहात दीडपटीचा फरक होता, टाकीत तो सव्वादोन पट झाला. पाणी चढवायचं असेल तेव्हा एच मॅक्स हा आकडा एलपीएचपेक्षा आधी वाचावा तो यासाठी.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि इथे पुष्कळ जण नाहक पैसे घालवतात. हेड मोजायचं ते पाण्याच्या पातळीपासून. पॉवर हेड टाकीच्या तळाशी ठेवला आणि त्याचं तोंड पाण्यातच उघडत असेल, तर उंची शून्य. तळाशी ठेवल्याने त्याचा जोर कमी होत नाही. कॅनिस्टर तर जमिनीवर असतो आणि टाकी तीन फूट वर, तरीही त्याला तीन फूट चढवावं लागत नाही. दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या, सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर. खाली येणारं पाणी वर जाणाऱ्याला तोलून धरतं. कॅनिस्टरला झगडावं लागतं ते नळ्यांच्या घर्षणाशी आणि आत भरलेल्या स्पंज-रिंगांशी. गाळ साचत जातो तसा हा विरोध वाढतो, म्हणून कॅनिस्टरच्या खोक्यावर १००० असेल तर भरलेल्या, चाललेल्या फिल्टरकडून सहाशेच मिळतील असं धरूनच निवड करा. आपल्या १३० लिटरच्या टाकीला ते पुरेसे होतात.

नळीबद्दल एकच सांगतो. पंपाचं तोंड जेवढं, तेवढी नळी लावा, त्याहून बारीक लावू नका. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचं म्हटलं तर घर्षणाचा तोटा साधारण तीसपट होतो. घरात पडलेली बारीक नळी अडॅप्टर लावून जोडली की चांगला पंप रडका वाटायला लागतो. आणि प्रवाह कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह नेहमी बाहेर पडणाऱ्या बाजूला लावा. आत खेचणारी बाजू आवळली तर पंप पाण्यासाठी तडफडतो, आवाज करतो आणि इम्पेलर, म्हणजे त्याच्या आतला फिरता पंखा, झिजतो.

धार आणि लोट

एलपीएच सारखा असला तरी माशाला जाणवतं ते वेगळंच काहीतरी. तेच पाणी निम्म्या व्यासाच्या तोंडातून बाहेर काढलं तर वेग चौपट होतो. म्हणून १००० एलपीएचच्या पॉवर हेडची बारीक धार समोरच्या काचेवर आदळते, वाळूत खड्डा पाडते आणि मधे आलेल्या छोट्या माशाला बाजूला फेकते, तर ३००० एलपीएचचा वेव्ह मेकर रुंद पंख्यातून पाणी ढकलत असल्याने तिपटीचा आकडा असूनही सौम्य वाटू शकतो. पण तो सौम्यपणा मोठ्या टाकीत. दोन फुटी टाकीत तोच वेव्ह मेकर वॉशिंग मशीन करून टाकेल. बाजारात मिळणारे बरेचसे छोटे वेव्ह मेकरही दोन-तीन हजार एलपीएचपासून सुरू होतात, तेव्हा दोन फुटी टाकीवाल्यांनी त्या फळीकडे बघूच नये असं माझं मत.

पॉवर हेडची धार फोडायला साधे उपाय आहेत. भोकांचा स्प्रे बार लावला तर एक धार पंधरा-वीस छोट्या धारांत वाटली जाते. तोंड काचेकडे वळवलं तर पाणी काचेवर पसरून मागे फिरतं. वेव्ह मेकर मागच्या कोपऱ्यात, पृष्ठभागाखाली हातभर नव्हे, चार-सहा बोटं ठेवून समोरच्या काचेकडे तिरपा लावला की पाणी टाकीला वळसा घालतं. फार वर लावलात तर तो हवा ओढतो आणि रात्रभर गुरगुरतो.

चार फुटी टाकीला एक मोठा पंप घ्यावा की दोन लहान? मी डोळे मिटून दोन लहान म्हणेन. कोपरे कमी मरतात, धार सौम्य राहते, आणि मे महिन्यात एक बंद पडला तरी दुसरा मासे तगवून धरतो.

आता माशांकडे वळू, कारण शेवटी कौल त्यांचाच. फायटरला लांब पंखांचं ओझं असतं, त्याला जवळपास स्थिर पाणी हवं, तिथे स्पंज फिल्टर बास. फॅन्सी गोल्डफिश घाण खूप करतो, पण पोहायला बेंगरूळ. त्याला फिल्टर मोठा पाहिजे आणि धार मऊ, म्हणजे स्प्रे बार आलाच. एंजल, डिस्कस संथ पाण्यातले. झेब्रा डॅनिओ, बार्ब प्रवाहात खूश. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब तर वाहत्या पाण्याशिवाय मरगळतो. आपल्या नद्यांमधला मळ्या दगडाला चिकटून धारेत तोंड घालून राहणारा. असे मासे ठेवले असतील तर दहा पट फिरणंही त्यांना चालतं. पंप लावल्यावर दोन दिवस नुसतं बघा. मासे दगडाआड दाटीने बसले, पंख मिटून राहिले, खाद्याचे दाणे तोंडाशी येण्याआधीच वाहून गेले, तर पाणी जास्त आहे. सकाळी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर वरचा थर पुरेसा हलत नाही. एकाच कोपऱ्यात तपकिरी गाळ साचत असेल तर पंप बदलायची गरज नाही, त्याचं तोंड फिरवा.

नाशिकचा उन्हाळा, हिवाळा आणि वीज

समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे दोन्ही आकडे आणखी थोडे खाली येतात. गरम पाण्यात माशांची भूक आणि श्वास वाढतो, म्हणजे मागणी वर आणि पुरवठा खाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे थोडं वर वळवा, पाण्यावर नीट लहरी दिसल्या पाहिजेत. थंडीत रात्री तापमान दहाच्या खाली जातं तेव्हा हीटर पंपाच्या वाटेत असू द्या, नाहीतर हीटरजवळचं पाणी गरम झालं की तो बंद होतो आणि टाकीचं दुसरं टोक गारच राहतं.

बुडवलेला पंप जेवढे वॅट खातो, ते बहुतेक सगळे शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरतात. तासाला हजार लिटर पाणी एक मीटर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने तीन वॅटही लागत नाहीत, पण साधा पंप त्यासाठी कितीतरी पट वॅट घेतो. हिवाळ्यात हे चालून जातं, मेमध्ये ६० वॅटचा गरजेपेक्षा मोठा पंप म्हणजे टाकीत सोडलेला छोटा हीटरच. विजेचा हिशेब सोपा आहे: २० वॅट चोवीस तास, महिन्याला साडेचौदा युनिट. ६० वॅट म्हणजे ४३ युनिट. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलतात, त्या काठावर असलेल्या घरात हा फरक बिलात दिसतो. डीसी पंप महाग, पण वीज कमी खातात आणि वेग कमी-जास्त करता येतो. संप असलेल्या मोठ्या टाकीला मी तो घ्यायला सांगेन, दोन फुटी टाकीला तो खर्च नको.

वीज गेली की प्रश्न पाणी फिरण्यापेक्षा श्वासाचा होतो. इन्व्हर्टरवर पाच वॅटची हवेची मोटर घेतली तरी बऱ्याच तासांची सोय होते, बॅटरीवर चालणारी छोटी मोटरही मिळते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा एसी पंप गुणगुणतो आणि तापतो, त्याला साइन वेव्ह हवा. कॅनिस्टर कित्येक तास बंद राहिला तर आतले जिवाणू डब्यातला ऑक्सिजन संपवून मरायला लागतात. तसाच चालू केला तर तो कुजका रस्सा टाकीत येतो. आधी उघडा, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलवून घ्या. नळाच्या पाण्यात नको, त्यातलं क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही नेईल.

संपवाल्यांनी वीज जाण्याची तालीम पहिल्याच दिवशी करावी. रिटर्न नळीचं तोंड पाण्यात तीन इंच खोल असेल तर पंप थांबताच सायफन सुरू होतो, म्हणजे तीच नळी टाकीतलं पाणी उलटं खाली ओढते, आणि तीन इंच पाणी खाली येतं. आपल्या तीन फुटी टाकीत दर इंचाला जवळपास ९ लिटर, म्हणजे २७ लिटर. संपमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते हॉलमध्ये. नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबू नका, त्यात शेवाळाचा एक धागा अडकला तरी तो गळतो.

उन्हाळ्यात कूलरचा पंप स्वस्तात दिसतो आणि मोह होतो. त्यातल्या काहींची बनावट खरोखर मिळतीजुळती असते. पण जाळी मोठ्या भोकांची असते, गप्पीची पिल्लं थेट आत जातात. शिवाय कूलर चार महिने चालतो, टाकी बारा. पाण्यात हात बुडवायचाय अशा जागी वायर आणि सीलबाबत मी काटकसर करणार नाही. पंपाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), चालू अर्थिंग, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर नेलेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकतं. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद.

पंप बसवल्यावर खरा प्रवाह मोजा. पाणी वरून पडत असेल किंवा नळीचं तोंड बाहेर काढता येत असेल तर १० लिटरची बादली लावा, सेकंद मोजा आणि ३६,००० ला त्या सेकंदांनी भागा. ४० सेकंदांत भरली तर ९०० एलपीएच, मिनिट लागलं तर ६००. संपच्या पंपाची बादली टाकीच्या काठाच्या उंचीवर धरा, खाली जमिनीवर ठेवली तर हेडच बदलतं. हा आकडा पंपाच्या खोक्यावर पेनाने लिहून ठेवा. पुढे मोजणी तीन-चतुर्थांशाच्या खाली आली की इम्पेलर उघडायचा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत इम्पेलरच्या दांडीवर क्षारांचा पांढरा थर लवकर बसतो, तो पातळ व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात तासभर ठेवला की सुटतो. दांडी बऱ्याचदा सिरॅमिकची असते, ती पकडीने ओढली तर मोडते, बोटांनीच काढा. आणि पंप घेतानाच दुकानदाराला विचारा, या मॉडेलचा इम्पेलर सुटा मिळतो का. मिळत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.